एमजीबी जीटी: फ्यूज घातला की उडतो, सेल्फ फिरतो, इंजिन मात्र सुरू होत नाही

लेस्टरची_पुणेकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, गाड्यांच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय.

माझ्याकडे १९७३ ची एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. हिरवी, क्रोम बंपरवाली, ओव्हरड्राइव्हसकट (वरच्या गियरमध्ये इंजिन सावकाश फिरू देणारी यंत्रणा). शेजारच्या आजोबांची होती. गुडघ्यांमुळे त्यांना इतक्या खाली वाकून आत बसणं जमेना, म्हणून त्यांनी मला विकली. माझा नवरा तिला आपली सवत म्हणतो.

रविवारी सकाळी नेवार्कला जुन्या सुट्या भागांच्या बाजारात निघाले होते. ए-४६ हायवेवर चौथा गियर, ओव्हरड्राइव्ह लावलेला, गाडी झकास चालली होती. मध्येच पेट्रोलचा काटा एकदम तळाला गेला. बाजूला घ्यावी म्हणून इंडिकेटर दिला, तर तोही लागेना. तशीच थोडी पुढे गेली आणि मग खोकत, आचके देत बंद पडली. पेट्रोल संपलं असं समजून डिकीतला कॅन ओतला. सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन पकडतच नाही. शेवटी ट्रकवर घालून घरी आणली.

घरी फ्यूजबॉक्स उघडला. चार काचेचे फ्यूज आहेत. त्यातला खालून दुसरा उडालाय, काच आतून काळपट-चंदेरी झालीय. झाकणातला जादाचा फ्यूज घातला, किल्ली फिरवली, लगेच फट्! तोही गेला. बाकीचे तिन्ही ठीक दिसतात. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो.

फ्यूज का उडतोय? आणि गाडी त्याच्यामुळेच सुरू होत नाहीये का? ५० अँपिअरचा घालून बघू का? नवऱ्याने चॉकलेटची चांदी गुंडाळायचा सल्ला दिलाय. तो संगणकवाला आहे, त्यामुळे सांभाळून घ्या.

नाशिकचा_बुलेटवाला

ताई, पन्नास वर्षांची वायरिंग आहे, फ्यूज कुठे कुठे शोधत बसणार? सगळं लूम (वायरींचा जुडगा) काढून नवीन टाका, आणि जमलं तर पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून टाका. एकदाच खर्च, कटकट संपली. गाडीचे फोटो मात्र टाका हो.

एडिसनकर

मी इथे न्यू जर्सीत एक रबर बंपरवाली एमजीबी बाळगून आहे. गाडीच्या पुस्तकात ३५ अँपिअरचा फ्यूज लिहिलाय, मी सरळ पार्ट्सच्या दुकानातून ३५ चे एजीसी काचेचे फ्यूज आणले, मापाला बरोब्बर बसतात. तुमचा जादाचा फ्यूज कमी अँपिअरचा असेल म्हणून उडत असेल. ५० चा नको, ३५ चा घालून बघा.

कॉव्हेंट्रीचा_वायरमन

ताई, आधी बॅटरी सोडवा, मग पुढचं वाचा. आणि यजमानांना म्हणावं, चॉकलेट खा, चांदी कचऱ्यात टाका.

मी नाना पेठेत अँबेसिडरच्या वायरिंगवर हात बसवला, नंतर कॉव्हेंट्रीला आलो आणि गॅरेजच्या मागच्या खोलीत उभं आयुष्य ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून काढलं. जुन्या अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि तुमचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सीरिजची भावंडं. त्यामुळे एमजीबी पहिल्यांदा समोर आली तेव्हा मला ती परकी वाटलीच नाही.

एडिसनकर, तुमच्या ३५ बद्दल पहिलं बोलतो, कारण ते धोक्याचं आहे. जुन्या ब्रिटिश फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं तो उडण्याचा आकडा. सतत वाहायला तो १७ अँपिअरचाच. अमेरिकन एजीसी फ्यूजवरचा ३५ म्हणजे सतत ३५ वाहून नेणार, उडायला त्याच्याही वर पाहिजे. पुस्तकातला आकडा तोच, फ्यूज मात्र दुप्पट जाड. तो उडायच्या आत वायर पेटेल. आजच जाऊन तुमचे काढा.

आता ताई, तुमची गाडी. या गाडीत वायरीचा रंग वाचता आला की अर्धं काम झालं. तपकिरी म्हणजे बॅटरीचा करंट, चोवीस तास जिवंत, फ्यूज नाही. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा करंट, त्यालाही फ्यूज नाही. पांढरी फ्यूजमधून पलीकडे गेली की हिरवी होते, तपकिरी पलीकडे गेली की जांभळी. काळी म्हणजे अर्थिंग, गाडीच्या पत्र्याला जोडलेली. दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असेल तर ती त्या मूळ वायरीची फांदी समजा.

तुमच्या चारांपैकी वरचे दोन साइडलाइटचे, एकेका बाजूचा एकेक. सगळ्यात खालचा जांभळ्याचा, त्यावर हॉर्न वगैरे. खालून दुसरा हिरव्याचा, आणि तोच तुमचा गेलाय. त्यावर इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, वायपर, रिव्हर्सचा दिवा, हीटरचा पंखा आणि पेट्रोलचा काटा. म्हणून तुमचा काटा पडला. टाकीत पेट्रोल होतंच. (ब्रेकचे दिवेही गेले होते हे लक्षात घ्या. मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही थांबताय हे कळत नव्हतं.)

पण गंमत अशी की हिरव्यावरचं सगळं बंद पडलं तरी इंजिन चालतं. कॉइल (ठिणगीसाठी वीज देते ती) आणि पेट्रोलचा पंप दोन्ही पांढऱ्यावर. गाडी ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघाली तेव्हा त्यांच्या वाटेत फ्यूज नव्हताच. म्हणजे उडालेला फ्यूज आणि सुरू न होणारं इंजिन ही वरवर दोन वेगळी दुखणी आहेत. पण एकाच वेळी, एकाच मैलात दोन वेगळी दुखणी? मला नाही पटत.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट फार कामाची आहे: खोकत बंद पडली. कॉइलचा करंट गेला तर इंजिन तिथल्या तिथे गप्प होतं, खोकायला सवड मिळत नाही. थोडं पुढे जाऊन, आचके देत बंद पडली म्हणजे एसयू कंपनीच्या दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्यांत उरलेलं पेट्रोल संपलं. पंप बंद झालेला आहे.

तर मला तीन गोष्टी सांगा.

किल्ली फिरवा, सेल्फ मारू नका, शांत बसून ऐका. एसयूचा पंप उजव्या मागच्या चाकाच्या पुढे खाली असतो आणि टकटक वाजतो, आधी भराभर, वाट्या भरल्या की सावकाश. वाजतोय का?

कॉइल, पंप किंवा ओव्हरड्राइव्हच्या वाटेत आजोबांनी किंवा त्यांच्या आधीच्या कोणी स्वतःचा फ्यूज घातलाय का? बरेच लोक घालतात आणि त्यात वाईट काही नाही. फ्यूजबॉक्सच्या मागे, वायरींच्या गुंडाळीत चाचपून बघा. प्लॅस्टिकची बारकी नळी हाताला लागेल, बहुतेक टेप गुंडाळलेली.

आणि गाडीखाली अलीकडे काय काम झालंय? गियरबॉक्स, क्लच, सायलेन्सर, काहीही.

हो, आणि फ्यूज डोळ्यांनी तपासू नका. काचेच्या फ्यूजची तार आतून अखंड दिसते आणि टोपणातला डाग (सोल्डर) सुटलेला असतो. मल्टिमीटर लावा. तुमच्या उडालेल्या फ्यूजबद्दल मात्र शंका नाही. काच काळपट-चंदेरी होते ती थेट शॉर्टने, तार एका क्षणात वाफ होऊन काचेला बसते. नुसता भार जास्त झाला असता तर तार मध्येच वितळून तुटली असती, काच स्वच्छ राहिली असती. त्यामुळे मोठा फ्यूज घालण्याचा प्रश्नच उरत नाही.

बुलेटवाले दादा, रागावू नका, पण फाटला खिसा म्हणून कोणी अख्खा सदरा टाकत नाही. पन्नास वर्षांची तांब्याची वायर सहसा स्वतःहून बिघडत नाही, ती कुठेतरी घासते, चिमटते नाहीतर कोणीतरी तिला हात लावतो.

लेस्टरची_पुणेकरीण

काका, तुम्ही तर ए-४६ वर माझ्या शेजारी बसून होतात असं वाटलं. मला अहो-जाहो करू नका प्लीज.

टकटक अजिबात नाही. मला वाटायचं तो आवाज घड्याळाचा आहे!

फ्यूजची नळी सापडली, तुम्ही सांगितलंत तिथेच, निळ्या टेपमध्ये. आतला फ्यूज उडालेला आहे आणि त्याचीही काच काळी. त्यातून एक पांढरी वायर मागे जाते. तिला आणखी एक जोडलीय, ती पुढे पिवळी होऊन खाली जाते. आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "हो, मीच घातला होता, सेफ्टी म्हणून." पुढे तासभर एमजीच्या गोष्टी सांगत बसले.

आणि काम म्हणाल तर क्लच. गेल्या हिवाळ्यात एका गॅरेजकडून नवीन टाकून घेतला.

कॉव्हेंट्रीचा_वायरमन

बरं, तुला म्हणतो. माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल.

सापडलं म्हण. आता बघ. आजोबांनी एकाच फ्यूजवर पंप आणि ओव्हरड्राइव्ह दोन्ही टांगले. पिवळी वायर ओव्हरड्राइव्हची, ती जाते गियरबॉक्सवर. हिरव्याची एक फांदी रिव्हर्सच्या दिव्याच्या स्विचकडे जाते, तीही गियरबॉक्सवर. दोन्ही एकाच जुडग्यात, बोगद्यातून (गियरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा), शेजारी शेजारी. आणि एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं. इंजिन परत आत सरकवताना हा जुडगा क्लिपमधून सुटून गियरबॉक्स आणि बोगद्याच्या पत्र्यामध्ये अडकणं, हे मी किती वेळा पाहिलंय ते विचारू नकोस. लगेच काही होत नाही. महिनोन्‌महिने घासत राहतं, मग एक दिवस तांबं पत्र्याला लागतं. हिरवी लागली, काटा पडला. पिवळी लागली, आजोबांचा फ्यूज उडाला, आणि त्याच्याबरोबर बिचारा पंपही गेला, ज्याचा काही दोष नव्हता.

ओव्हरड्राइव्हला तिसऱ्या-चौथ्या गियरमध्येच करंट मिळतो, गियरबॉक्सवरचा एक स्विच तो सोडतो. तू चौथ्यात होतीस, ओव्हरड्राइव्ह लावून होतीस. गावात दुसऱ्या गियरवर फिरत असतीस तर कदाचित इंजिन चालूच राहिलं असतं आणि तू फक्त इंडिकेटरची तक्रार घेऊन आली असतीस.

हा झाला माझा अंदाज. गाडीखाली घुसण्याआधी तो तपासून घे, त्याला फ्यूज जाळावे लागत नाहीत.

इंडिकेटरला लागतो तो २१ वॅटचा बल्ब घे. त्याच्या होल्डरला दोन वायरी लाव, टोकाला क्रोकोडाइल क्लिपा. हिरव्याच्या फ्यूजच्या जागी हा बल्ब दोन पकडींमध्ये जोड, म्हणजे फ्यूजची जागा बल्बने घेतली. कितीही शॉर्ट असला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, वायर गरमसुद्धा होणार नाही. कॉइलची पांढरी वायर काढून बाजूला ठेव, नाहीतर इंजिन बंद असताना किल्ली चालू राहिली की कॉइल तापते. मग बॅटरी जोड, किल्ली फिरव. हीटर, वायपर सगळं बंद.

बल्ब झगझगीत पेटला तर शॉर्ट आहे. नुसत्या काट्याचा वगैरे करंट असेल तर मंद लाल दिसेल, किंवा दिसणारही नाही. मग गियरबॉक्सकडे जाणारा जुडगा बॉनेटखाली मुख्य वायरिंगला जिथे बुलेट कनेक्टरने जोडलाय, तिथला हिरवा जोड ओढून काढ. बल्ब त्याच क्षणी मंदावला तर माझं म्हणणं खरं. नाही मंदावला तर तो परत लाव आणि दुसरी फांदी काढ: वायपर, हीटर, ब्रेकचा स्विच, एकेक करून. बल्ब ज्या फांदीला मंदावेल ती आपली.

पेट्रोलच्या नळीजवळ काम करताना बॅटरी सोडवलेली असू दे. गाडीखाली जायचं ते जॅकच्या भरवशावर नाही, लोखंडी घोड्या लावून, चाकांना अडण्या देऊन. एकटीने नाही. संगणकवाल्याला शेजारी उभा कर, टॉर्च धरायला तरी उपयोग होईल.

एडिसनकर

काका, फ्यूज काढले. १५ अँपिअरचे एजीसी घातलेत, ठीक आहे ना? आणि बल्बची युक्ती भारी. मी आजवर फ्यूजची डबीच्या डबी संपवत आलोय.

कॉव्हेंट्रीचा_वायरमन

१५ चालतील. पकडी पॉलिश पेपरने घासून घे. तिथे गंज धरला की फ्यूज शाबूत असूनही पुढे व्होल्टेज पोचत नाही, आणि मग इंडिकेटर पेंगायला लागतात.

लेस्टरची_पुणेकरीण

बल्ब असा पेटला की नवऱ्याने "अरे वा" म्हणून टाळी वाजवली. त्याला वाटलं गाडी दुरुस्त झाली.

हिरवा जोड काढला. बल्ब एकदम मंद, लालसर. परत लावला, झगझगीत. हे मी उगाचच पुन्हा पुन्हा करून बघितलं, इतकी मजा आली. मग पिवळ्याचंही तसंच केलं. आजोबांच्या फ्यूजच्या जागी बल्ब, पंपाची वायर काढलेली, ओव्हरड्राइव्हचा स्विच चालू. पहिल्या-दुसऱ्या गियरला काही नाही. चौथ्यात टाकला आणि बल्ब पेटला! तुम्ही सांगितलंत तस्सं.

नंतर बॅटरी सोडवली, घोड्यांवर गाडी घेतली, खाली सरपटले. गियरबॉक्सच्या वर, बोगद्याच्या कडेला हात जेमतेम जातो. टॉर्चमध्ये दिसलं: जुडगा क्लिपमध्ये नाहीच, पत्र्याच्या कडेवर पडलाय. वरचं काळं आवरण एका जागी सपाट होऊन फाटलंय आणि आत दोन वायरींचं तांबं चमकतंय, एक हिरवी, एक पिवळी. पत्र्यावर त्याच जागी बारीक काळा डाग. फोटो काढलाय, पण हात थरथरत होता, त्यामुळे धुरकट आलाय.

आता पंपाला तात्पुरता फ्यूज घालून, पिवळी वेगळी ठेवून बघू का? आणि जोड कसा मारू, टेप पुरेल?

कॉव्हेंट्रीचा_वायरमन

शाब्बास. जुडगा खाली ओढून घे, जितका मोकळा मिळेल तितका.

टेप नको. गियरबॉक्सच्या उष्णतेने आणि तेलाने तिचा डिंक वितळतो, वर्षभरात सुटून लोंबते. फाटलेला तुकडा दोन्हीकडे चांगल्या वायरीपर्यंत काप, त्याच जाडीची, त्याच रंगाची नवीन वायर घे. इंग्लंडात जुन्या गाड्यांची वायर मीटरवर मिळते, रंग चुकवू नकोस, तुझ्यानंतर गाडी घेणाऱ्याचे शाप लागतील. आधी हीटश्रिंकची (तापवली की आवळणारी) नळी ओवून ठेव (हे सगळेच विसरतात आणि मग डाग तोडतात), पीळ देऊन डाग मार, नळी सरकवून तापव. हिरव्याचा जोड आणि पिवळ्याचा जोड समोरासमोर आणू नकोस, बोटभर मागेपुढे ठेव. वरून नवीन आवरण, आणि जुडगा क्लिपमध्ये. क्लिप तुटली असेल तर रबर लावलेली पी-क्लिप बसव, बोगद्याच्या कडेपासून लांब. गियरबॉक्सच्या खालची रबरंही बघून घे. ती दबून बसली असतील तर गियरबॉक्स हलून पुन्हा तेच घडेल.

आजोबांच्या फ्यूजचं म्हणशील तर त्यांची बुद्धी चांगली, वाटणी चुकली. ओव्हरड्राइव्ह नसला तरी माणूस घरी पोचतो, पंप नसला तर ट्रकवर पोचतो. दोघांना वेगवेगळे फ्यूज दे, दोन ब्लेड होल्डर, प्रत्येकी १० अँपिअर, आणि त्यांच्यावर नावं लिही. होल्डर हाताला सापडेल अशा जागी ठेव, टेपमध्ये पुरू नकोस.

पंप आज वाजवून बघायला हरकत नाही, पिवळी मोकळी आणि टोक झाकलेलं ठेवून. हिरव्याचा जोडही दुरुस्ती होईपर्यंत काढलेलाच असू दे. तेवढ्याने रिव्हर्सचा दिवा जाईल, बाकी सगळं येईल.

लेस्टरची_पुणेकरीण

काका, दहाचा फ्यूज घातला, कॉइलची वायर परत लावली, किल्ली फिरवली. टकटकटकटक, मग टक... टक. सेल्फ मारला आणि दुसऱ्या आचक्याला इंजिन चालू! हिरव्यालाही नवा फ्यूज घातला, १७/३५ लिहिलेला, टिकला. काटा अर्ध्याच्या वर. म्हणजे रस्त्यावर ओतलेला कॅन फुकट गेला.

हिरवी वायर, पिवळी वायर, हीटश्रिंक आणि पी-क्लिपा मागवल्यात. रबरं बघितली, डावीकडचं चिरलंय. ते बदलायला गियरबॉक्स खालून जॅकने उचलून धरायचा का? आणि आधार नक्की कुठे द्यायचा?

कॉव्हेंट्रीचा_वायरमन

हो, पण जॅक आणि गियरबॉक्समध्ये लाकडाची जाड फळी ठेव आणि उचल अगदी नावाला, वजन पेलण्यापुरतीच. आधार गियरबॉक्सच्या अंगाला दे, ओव्हरड्राइव्हच्या खालच्या पातळ पत्र्याच्या झाकणाला अजिबात नको. दोन्ही रबरं एकदमच बदल, एक नवं आणि एक जुनं ठेवू नकोस. क्रॉसमेंबर (गियरबॉक्सखालची आडवी पट्टी) सोडवलास की वायरींच्या जुडग्यापर्यंत हातही नीट जाईल, म्हणून डाग मारायचं काम त्याच दिवशी उरक. रबरं आली की सांग.